कोशिएनची वाट: हानशिन टायगर्सच्या चाहत्यांचा एक हंगाम

ओसाका आणि कोबे ही जपानच्या कान्साई विभागातील दोन मोठी बंदरे एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटरवर वसलेली असून, उत्तरेचे रोक्को पर्वत आणि दक्षिणेचा ओसाका उपसागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून तीन निरनिराळ्या कंपन्यांचे लोहमार्ग जवळजवळ समांतर धावतात. त्यांपैकी डोंगराच्या अंगाचा मार्ग हानक्यू कंपनीचा, मधला पूर्वीच्या सरकारी रेल्वेचा आणि समुद्राच्या अंगाने, दाट वस्तीतून व कारखान्यांच्या भागातून जाणारा मार्ग हानशिन विद्युत रेल्वेचा आहे. व्यावसायिक बेसबॉलचे जपानी चाहते समजून घेऊ पाहणाऱ्या प्रवाशाने १९०५ मध्ये सुरू झालेल्या या तिसऱ्या मार्गापासून आरंभ करणे सयुक्तिक ठरते, कारण हानशिन टायगर्स हा संघ, त्याचे कोशिएन हे मैदान आणि संघामागे वर्षातील आठ-नऊ महिने फिरणारा समर्थकांचा समुदाय या तिन्हींची घडण या रेल्वेच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. एखाद्या संघाच्या मागे असणे म्हणजे मनाने त्याच्या बाजूचे असणे असा अर्थ इतरत्र पुरेसा ठरत असला, तरी येथे त्याचा पहिला अर्थ गाडीत बसून जाणे आणि गाडीत बसून परतणे असा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी खासगी रेल्वे कंपन्यांपुढे एक साधी अडचण होती. ती अशी की, सकाळी शहराकडे जाणारे डबे भरत, परंतु उलट दिशेचे आणि सुटीच्या दिवसांचे डबे रिकामे धावत. हानक्यूचे प्रवर्तक कोबायाशी इचिझो यांनी मार्गालगत घरांच्या वसाहती, शहराच्या टोकाला डिपार्टमेंट स्टोअर आणि दुसऱ्या टोकाला ताकाराझुकाचे रंगमंच व करमणुकीची स्थळे उभारून त्या अडचणीवर तोडगा काढला होता. प्रतिस्पर्धी हानशिन कंपनीने त्याच धर्तीवर पाऊल उचलले. मुको नदीच्या पूरनियंत्रणाच्या कामामुळे तिचे दोन फाटे कोरडे पडले होते. त्यांच्या पात्रांची जमीन कंपनीने ह्योगो प्रशासनाकडून १९२२ मध्ये विकत घेतली आणि तेथे वसाहत, करमणुकीची जागा व एक प्रचंड मैदान यांची आखणी केली. १ ऑगस्ट १९२४ रोजी खुल्या झालेल्या या मैदानाला मिळालेले कोशिएन हे नाव पंचांगावरून आले आहे, कारण पूर्व आशियाई कालगणनेतील साठ वर्षांच्या चक्राचे ते पहिले, म्हणून शुभ मानले जाणारे वर्ष होते. मैदान बांधण्यामागे मुख्यतः १९१५ पासून भरणाऱ्या शालेय बेसबॉल स्पर्धेची वाढती गर्दी सामावून घेण्याचा हेतू होता. व्यावसायिक संघ तेथे अकरा वर्षांनंतर आला, आणि आपण या जागेचे पहिले धनी नाही याची आठवण त्याला दर ऑगस्टमध्ये करून दिली जाते.

डिसेंबर १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे मूळ नाव ओसाका टायगर्स असे होते. ओसाका हे डेट्रॉईटप्रमाणे उद्योगनगर असल्याने तेथील संघाचे नाव उचलण्यात आले, परंतु मैदान ओसाकात नव्हे, तर शेजारच्या ह्योगो प्रांतातील निशिनोमिया या गावी होते, आणि १९६१ मध्ये शहराचे नाव गळून तेथे रेल्वेचे नाव आले. कान्साईत एकेकाळी चार रेल्वे कंपन्यांचे चार संघ होते. त्यांपैकी हानक्यू आणि नानकाई यांनी १९८८ मध्ये आपापले संघ विकले, किंतेत्सूचा संघ २००४ च्या हंगामानंतर ओरिक्समध्ये विलीन झाला, आणि आज संपूर्ण जपानात रेल्वे उद्योगसमूहांच्या मालकीचे हानशिन आणि तोक्योजवळचा सेइबू असे दोनच संघ उरले आहेत. यामुळे टायगर्सचा चाहता एका शहराचा रहिवासी असण्यापेक्षा एका मार्गावरचा प्रवासी असतो असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. तो कोबेचा, अमागासाकीचा, निशिनोमियाचा किंवा ओसाकाचा असू शकतो, आणि या सर्वांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे कोशिएन हे स्थानक.

या चाहत्याच्या वर्षाचा आराखडा प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. जपानमधील बारा व्यावसायिक संघ सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीगमध्ये विभागलेले असून प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत १४३ सामने खेळतो. आपल्या लीगमधील पाच संघांशी प्रत्येकी २५ आणि दुसऱ्या लीगशी मे-जूनमध्ये १८, अशी ही विभागणी २०१५ पासून रूढ आहे. साधारणपणे मंगळवार ते गुरुवार एका प्रतिस्पर्ध्याशी आणि शुक्रवार ते रविवार दुसऱ्याशी, अशा तीन-तीन सामन्यांच्या मालिकांमध्ये हे वेळापत्रक चालते आणि सोमवार बहुधा मोकळा असतो. दोन महिन्यांत आटोपणाऱ्या आयपीएलची सवय असलेल्या वाचकाने हे प्रमाण ध्यानात घेतले, तर येथे क्रीडाप्रेम हा प्रासंगिक उत्साह नसून आठवड्याची दिनचर्या का बनते, ते स्पष्ट होईल.

हंगामाची चाहूल मात्र मैदानापासून फार दूर लागते. फेब्रुवारीत, जपानच्या मुख्य भूमीवर थंडी असताना, संघ ओकिनावाच्या पूर्व किनाऱ्यावरील गिनोझा या छोट्या गावी सरावासाठी जातो, आणि रजा काढू शकणारे चाहते त्याच्यामागे विमानाने तेथे पोहोचून नव्या खेळाडूंचे फटके व शरीरयष्टी न्याहाळतात. मार्चमध्ये व्यवस्थापन आणि खेळाडू निशिनोमियाच्या प्राचीन हिरोता देवस्थानात विजयासाठी प्रार्थना करतात. त्याच सुमारास, हानशिन मार्गावरील अमागासाकी या कामगारवस्तीच्या शहरात, मध्यवर्ती बाजारपेठेतले दुकानदार छताखालच्या गल्लीत एक मोठा फलक लावतात, ज्यावर १४३ हा आकडा असतो. लीग जिंकण्यासाठी आघाडीच्या संघाला आणखी किती विजय पुरेसे आहेत, हे सांगणाऱ्या संख्येला बेसबॉलमध्ये मॅजिक नंबर म्हणतात. ती खरोखर मांडता येते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेही आघाडीच्या संघासाठीच. एकही सामना झालेला नसताना ती मांडणे हा अमागासाकीकरांचा विनोद आहे, आणि स्वतःच्या आशेला स्वतःच हसण्याची जी वृत्ती ओसाका-कोबे भागाचे वैशिष्ट्य मानली जाते, तिचा तो उत्तम नमुना होय.

एप्रिलपासून खरा प्रवास सुरू होतो. ओसाकाच्या उमेदा स्थानकातून जलद गाडीने कोशिएनला पोहोचण्यास पंधरा मिनिटेही लागत नाहीत, परंतु सामन्याच्या दिवशी दुपार कलताच डब्यांमध्ये पिवळे-काळे पट्टे दिसू लागतात. कार्यालयातून थेट आलेले लोक सुटावर संघाचा सदरा चढवतात, आजी-आजोबांसोबत नातवंडे असतात, आणि पाठीवर कोणत्या खेळाडूचा क्रमांक आहे यावरून परकी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. स्थानकातून बाहेर पडताच समोर उंचावरून जाणारा द्रुतगती महामार्ग आडवा येतो, आणि त्याच्या खालून पलीकडे गेल्यावर वेलींनी मढलेली मैदानाची बाह्य भिंत दिसते. नूतनीकरणाच्या वेळी जुनी वेल काढण्यात आली, तेव्हा तिच्या बियांपासून देशभरच्या शाळांत वाढवलेल्या वेली पुन्हा येथे आणून लावण्यात आल्या. इन्फिल्डमागच्या प्रेक्षागारावर असलेल्या छताला रुपेरी छत्री म्हणतात. युद्धकाळात धातूसाठी ते उतरवण्यात आले होते. इन्फिल्ड, म्हणजे चार बेसमधील चौकोन, बहुतेक आधुनिक मैदानांत कृत्रिम गवताने झाकलेले असते. येथे मात्र ते संपूर्णपणे काळ्या मातीचे आहे, आणि पाऊस पडला की सामना थांबतो किंवा पुढे ढकलला जातो, कारण सुमारे ४७,००० प्रेक्षकांच्या या मैदानाला संपूर्ण छप्पर नाही. समुद्रावरून येणारा वारा बहुधा उजवीकडून डावीकडे वाहतो व डावखुऱ्या फलंदाजांचे उंच फटके अडवतो. हा वारा, मैदान सुरू झाल्यापासून विकली जाणारी करी आणि पाठीवर बिअरचे पिंप घेऊन पायऱ्या चढणाऱ्या तरुण विक्रेत्या यांचा उल्लेख केल्याशिवाय कोशिएनचे कोणतेही वर्णन पूर्ण होत नाही.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, तीन गडी बाद होताच डाव संपतो आणि दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात. क्रिकेटमध्ये एका दिवसात एकदाच होणारा पालट येथे तीन तासांत सतरा वेळा होतो. जपानी प्रेक्षकांनी आपली समर्थनपद्धती या रचनेवर बेतली आहे. आपला संघ फलंदाजी करत असतानाच गायचे आणि प्रतिस्पर्धी फलंदाजीला आला की बसून पाहायचे, हा तिचा मूळ नियम होय. डावीकडच्या आउटफिल्डमागील, म्हणजे इन्फिल्डपलीकडच्या मैदानामागील, काही भाग पाहुण्या समर्थकांसाठी राखलेला असल्याने संपूर्ण सामना हा दोन गायकवृंदांचा आळीपाळीचा कार्यक्रम बनतो. कोशिएनच्या उजव्या आउटफिल्डमागील उतार हे टायगर्सच्या समर्थनाचे केंद्र असून तेथे ओएन्दान, म्हणजे संघटित समर्थक मंडळे, तुताऱ्या, ढोल आणि विशाल झेंडे घेऊन सामन्याचे सूत्रसंचालन करतात. प्रत्येक नियमित फलंदाजाचे स्वतंत्र गीत असते. फलंदाज बदलला की गीत बदलते, धावपटू दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर पोहोचला की संधीचे खास गीत सुरू होते आणि प्रतिस्पर्धी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, बदलला गेला तर त्याला निरोप देणारे गीत होते. एका हंगामात ही सर्व गीते, नव्या खेळाडूंच्या नव्या चालींसह, हजारो लोकांना पाठ असावी लागतात, आणि प्लास्टिकचे भोंगे एका तालात आपटण्याचे कौशल्य शेजारच्या माणसाकडे पाहूनच आत्मसात करावे लागते.

दुरून उत्स्फूर्त वाटणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात काटेकोर नियमांनी बांधलेली आहे. समर्थक मंडळे संघाकडून पगार घेत नाहीत. त्यांचे पुढारी नोकऱ्या-धंदे सांभाळून हे काम करतात आणि पुष्कळदा प्रवासखर्च स्वतःच सोसतात. तथापि उजव्या बाजूच्या जागांवर वर्चस्व मिळवणे, तिकिटांचा गैरव्यवहार करणे आणि गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध ठेवणे अशा प्रकारांमुळे या शतकाच्या पहिल्या दशकात व्यावसायिक बेसबॉल संघटनेने संघटित समर्थनासाठी परवानापद्धती लागू केली. तुतारी, ढोल वा मोठा झेंडा वापरण्यासाठी मंडळांना आता अधिकृत अनुमती घ्यावी लागते. कोशिएनभोवती दाट लोकवस्ती असल्याने रात्री दहानंतर वाद्ये थांबतात, आणि लांबलेला सामना केवळ आवाजाच्या व टाळ्यांच्या बळावर चालू राहतो. सातव्या डावात आपली फलंदाजी सुरू होण्यापूर्वी हजारो लांबट फुगे एकाच वेळी शिट्टी वाजवत आकाशात सोडण्याचा प्रघातही असाच नियमांच्या कक्षेत आला. हे फुगे तोंडाने फुगवले जात असल्याने २०२० च्या महासाथीत तो थांबवावा लागला. विजयानंतर जे गीत म्हटले जाते, ते रोक्को ओरोशी, म्हणजे रोक्को पर्वतावरून खाली येणारा वारा, या नावाने प्रसिद्ध आहे. १९३६ मधील या संघगीताला संगीतकार कोसेकी युजी यांनी चाल दिली असून, नव्वद वर्षांच्या आसपास वय असलेले ते गीत आजही सर्व पिढ्या एकत्र म्हणतात.

सामना संपल्यानंतर चाळीस-पंचेचाळीस हजार माणसे एकाच लहान स्थानकाकडे वळतात. बेसबॉलला ठरलेली वेळ नसल्याने त्यांच्या परतीचे वेळापत्रक आगाऊ छापता येत नाही. म्हणून रेल्वेचे कर्मचारी सामन्याची प्रगती पाहून जादा गाड्या केव्हा सोडायच्या ते ठरवतात, आणि एकतर्फी सामन्यात प्रेक्षक सातव्या-आठव्या डावातच उठू लागतील हेही त्यांच्या हिशेबात असते. १९२० च्या दशकात ज्या कंपनीने डबे भरण्यासाठी मैदान बांधले, तिला आज मैदान रिकामे करण्याची कला जोपासावी लागते. महासाथीची वर्षे वगळली, तर संघाच्या घरच्या सामन्यांची एकूण उपस्थिती अलीकडे ३० लाखांच्या आसपास राहते.

येल विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ विल्यम केली यांनी या विश्वाचा दीर्घकाळ प्रत्यक्ष अभ्यास करून २०१८ मध्ये हानशिन टायगर्सवर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. खेळाडू, व्यवस्थापन, मालक कंपनी, क्रीडापत्रकार आणि चाहते मिळून एक न संपणारे नाट्य रचतात, आणि त्या नाट्याला दोन आधार आहेत, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. एक म्हणजे नोकरदार प्रेक्षकाला आपल्या कचेरीची आठवण करून देणारे संघातील हेवेदावे व वरिष्ठांशी होणारे संघर्ष, आणि दुसरा म्हणजे तोक्योच्या छायेत दुय्यम ठरलेल्या ओसाकाचा स्वाभिमान. कोबेतून निघणारे डेली स्पोर्ट्स हे दैनिक संघ जिंको वा हरो, पहिले पान टायगर्सलाच देते, आणि कोबेचीच सन टीव्ही ही वाहिनी घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण शेवटचा गडी बाद होईपर्यंत चालू ठेवण्यासाठी ओळखली जाते. यामुळे सकाळच्या गाडीत कालचा सामना वाचणे आणि संध्याकाळच्या गाडीत आजच्या सामन्याला जाणे असे वर्तुळ पूर्ण होते.

तोक्योविषयीची भावना समजण्यासाठी पाहुण्या समर्थकांसोबत पूर्वेकडे जावे लागते. शिन-ओसाकाहून शिन्कान्सेनने नागोया तासाभराच्या आत आणि तोक्यो सुमारे अडीच तासांत येते. पश्चिमेला हिरोशिमा दीड तासाच्या आत गाठता येते. त्यामुळे लीगमधील पाचही प्रतिस्पर्ध्यांची मैदाने एका लोहमार्गाच्या अक्षावर येतात, आणि शुक्रवारी काम आटोपून निघालेला माणूस तीन सामने पाहून सोमवारी कामावर हजर होऊ शकतो. प्रत्येक मैदानाचा अनुभव वेगळा असतो. हिरोशिमात २००९ पासून वापरात असलेल्या मैदानावर पाहुण्यांना मर्यादित जागा असून उरलेला सारा परिसर स्थानिक कार्प संघाच्या लाल रंगाने व्यापलेला असतो, म्हणून तेथे गाणे हे अल्पसंख्याकाचे धैर्य ठरते. याउलट तोक्योच्या १९२६ मध्ये बांधलेल्या जिंगू मैदानावर यजमान याकुल्ट स्वॅलोज संघाचे समर्थक लहान छत्र्या नाचवत असताना डावीकडचा अर्धा भाग पिवळ्या रंगाने भरून जातो. त्यांतील पुष्कळजण नोकरी-शिक्षणासाठी कान्साई सोडून राजधानीत राहिलेले असतात आणि वर्षभर दाबून ठेवलेली बोली तेथे मोकळेपणाने वापरतात.

तोक्यो डोममधील योमिउरी जायंट्सविरुद्धच्या लढतीला परंपरेची लढत म्हणतात. जायंट्स हा देशातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्राच्या मालकीचा आणि सर्वाधिक यशस्वी संघ आहे. या वैराच्या स्मृती चाहत्यांमध्ये तोंडी परंपरेने चालत आल्या आहेत. २५ जून १९५९ रोजी सम्राटांच्या उपस्थितीत कोराकुएन मैदानावर झालेल्या सामन्यात जायंट्सच्या नागाशिमा यांनी टायगर्सचे पिचर मुरायामा मिनोरू यांच्या चेंडूवर विजयी होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत जाणारा फटका, मारला. तो चेंडू बाजूच्या फाउल रेषेबाहेर गेला होता, असे मुरायामा अखेरपर्यंत म्हणत राहिले. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, जो जिंकेल त्याला लीगचे विजेतेपद अशी स्थिती असताना टायगर्स कोशिएनवर ०-९ असे हरले, जायंट्स सलग नवव्यांदा विजेते झाले, आणि संतप्त प्रेक्षक मैदानात घुसले. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, असे समर्थक हे तपशील स्वतः पाहिल्यासारखे सांगतात.

ऑगस्ट हा या प्रवासाचा सर्वांत खडतर भाग होय. त्या महिन्यात कोशिएन राष्ट्रीय माध्यमिक शालेय स्पर्धेच्या स्वाधीन केले जाते. देशातील प्रांतांमधून निवडलेले ४९ शालेय संघ तेथे खेळतात, हरलेली मुले मैदानाची काळी माती पिशवीत भरून घरी नेतात, आणि व्यावसायिक संघाला स्वतःच्याच मैदानातून बाहेर पडावे लागते. या दीर्घ परगावच्या दौऱ्याला वृत्तपत्रांनी मृत्यूची वाट असे नाव दिले, कारण उन्हाळ्याच्या दमट हवेत सततचा प्रवास करून परतणारा संघ पूर्वी अनेकदा शर्यतीतून बाद झालेला असे. १९९७ मध्ये ओसाकात छप्पर असलेले डोम मैदान उघडल्यानंतर काही सामने तेथे घरचे म्हणून खेळता येऊ लागले आणि दौऱ्याची तीव्रता घटली. तरीही नाव टिकले आहे. आणि विशेष म्हणजे शालेय मुलांना मैदान देण्याबद्दल चाहत्यांची तक्रार सहसा ऐकू येत नाही, कारण टायगर्सचा समर्थक बहुधा त्या स्पर्धेचाही प्रेक्षक असतो.

इतक्या श्रमांच्या मोबदल्यात संघाने आपल्या लोकांना यश दिले असते, तर या निष्ठेत स्पष्ट करण्यासारखे फारसे काही उरले नसते. दोन लीगांची पद्धत १९५० मध्ये सुरू झाल्यापासून टायगर्सनी लीगचे विजेतेपद केवळ सात वेळा मिळवले. जायंट्सची संख्या त्याच्या पाचपटीहून अधिक आहे. १९८७ ते २००१ या पंधरा हंगामांत संघ दहा वेळा शेवटच्या स्थानी राहिला. त्यानंतर परिस्थिती सुधारली, तरी निसटण्याचे प्रकार चालूच राहिले. २००८ मध्ये जायंट्सवर असलेली १३ सामन्यांची आघाडी वाया गेली, आणि २०२१ मध्ये टायगर्सचे विजय ७७ व स्वॅलोजचे ७३ असूनही बरोबरीत सुटलेले सामने वगळून काढल्या जाणाऱ्या सरासरीच्या नियमामुळे विजेतेपद स्वॅलोजना गेले. या काळात चाहत्यांनी संघाला शिव्या घातल्या, प्रशिक्षकांना घरी जाण्यास सांगितले, कंपनीला कंजूष ठरवले. पण पराभवांच्या वर्षांतही त्यांची वाट मोडली नाही. केवळ निकालासाठी येणारा प्रेक्षक निकाल बिघडताच दूर होतो. येथे मात्र आठवड्याचा एक क्रम, ओळखीचे शेजारी, पाठ असलेली गीते आणि तक्रार करण्याचा सामायिक हक्क या गोष्टी निकालावर अवलंबून नव्हत्या.

विजय मिळाला, तेव्हा त्याला ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्याने एक वादग्रस्त रूप दिले. १६ ऑक्टोबर १९८५ रोजी टायगर्सनी जिंगू मैदानावर एकवीस वर्षांनंतर लीग जिंकली, तेव्हा एबिसुबाशी पुलावर जमलेल्या गर्दीने खेळाडूंची नावे पुकारली आणि त्या त्या खेळाडूशी साम्य असलेले चाहते पाण्यात उड्या घेऊ लागले. त्या वर्षी ५४ होमरन मारणाऱ्या अमेरिकी रँडी बासशी साम्य असलेला कोणी न सापडल्याने जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानासमोरचा कर्नल सँडर्सचा दाढीवाला पुतळा उचलून कालव्यात टाकण्यात आला. संघाने पुढे जपान सिरीज, म्हणजे दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकाही जिंकली; परंतु त्यानंतरच्या दुर्दशेचे खापर त्या बुडालेल्या पुतळ्याच्या शापावर फोडले जाऊ लागले. मार्च २००९ मध्ये कालव्याच्या कामात पुतळा सापडला, पण चष्मा आणि डावा हात मिळाला नाही. या दंतकथेला एक गंभीर बाजूही आहे. २००३ मध्ये लीग जिंकल्याच्या रात्री पाच हजारांहून अधिक लोकांनी त्या अस्वच्छ पाण्यात उड्या घेतल्या आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. तेव्हापासून निर्णायक सामन्यांच्या रात्री पुलावर मोठा पोलीस बंदोबस्त असतो.

१४ सप्टेंबर २०२३ हा दिवस या समुदायाची दुसरी बाजू दाखवतो. त्या रात्री कोशिएनवर जायंट्सना ४-३ असे हरवून संघाने अठरा वर्षांनी लीग जिंकली. जुलै महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मेंदूतील गाठीमुळे निधन पावलेले माजी खेळाडू योकोता शिंतारो यांच्या प्रवेशाच्या वेळी पूर्वी जे गीत वाजवले जाई, तेच गीत नवव्या डावात पिचर इवाझाकी यांच्या प्रवेशाला वाजवण्यात आले, आणि प्रेक्षकांनी ते ओळखून एकमुखाने गायले. योकोता हे कधीच तारांकित खेळाडू झाले नव्हते. आजारामुळे त्यांची कारकीर्द अकालीच संपली होती. त्यांचे गीत सूचनेविना ओळखणारी स्मृती ही हंगामामागून हंगाम जागेवर हजर राहिल्याचे फळ होते. ५ नोव्हेंबर रोजी शेजारच्याच ओरिक्स संघाला मालिकेत ४-३ असे नमवून टायगर्सनी अडतीस वर्षांनी जपान सिरीज जिंकली, आणि महिनाअखेरीस दोन्ही संघांच्या मिरवणुका ओसाका व कोबे या दोन्ही शहरांतून काढण्यात आल्या.

या सर्वांतून उपस्थित होणारा प्रश्न मालकीचा आहे. २००५ मध्ये एका गुंतवणूक निधीने हानशिन रेल्वेचे समभाग मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन टायगर्स संघाची शेअर बाजारात स्वतंत्र नोंदणी करावी, म्हणजे चाहत्यांनाही भागधारक होता येईल, असा प्रस्ताव मांडला. वरकरणी चाहत्यांना अनुकूल भासणाऱ्या त्या प्रस्तावाला चाहत्यांकडूनच तीव्र विरोध झाला. त्या घडामोडींच्या अखेरीस, २००६ मध्ये, रेल्वे आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी हानक्यूसोबत एका छत्राखाली गेली, पण संघाचे नाव, रंग आणि मैदान कायम राहिले. कायद्याने संघ कंपनीचा आहे हे चाहते पूर्णपणे जाणतात. त्यांना त्या मालकीत भाग नको होता, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांच्याकडे अगोदरच जे होते, ते विकत घेता येण्याजोगे नव्हते. कंपनी खेळाडू विकत घेऊ शकते, मैदानाची डागडुजी करू शकते आणि गाड्या सोडू शकते. परंतु १४३ सामन्यांना सलग अर्थ देणारा हंगाम मात्र त्या गाड्यांतून ये-जा करणारी माणसेच घडवतात.

म्हणूनच हे विश्व पाहण्यासाठी जाणाऱ्या प्रवाशाने विजयाचा दिवस निवडू नये. त्या दिवशी पूल, पोलीस आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे दिसतात, आणि चाहत्यांचे रोजचे काम त्यांच्या आड जाते. सप्टेंबरच्या अखेरीस, पावसामुळे पुढे ढकललेला आणि गुणतक्त्यात आता काहीही बदलू न शकणारा एखादा सामना निवडावा, उमेदाहून संध्याकाळची गाडी धरावी, उजव्या आउटफिल्डमागील उतारावर जागा घ्यावी आणि हरत चाललेल्या संघाच्या नवोदित फलंदाजासाठी त्याचे गीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटले जाते की नाही, एवढेच ऐकावे. या समुदायाविषयीचे इतर सर्व निष्कर्ष त्या एका निरीक्षणावर तपासून घेता येतील.